मदत हवी आहे: दशावताराच्या २७ मिनी-डीव्ही टेपा आणि कॉम्प्युटरला न दिसणारा एचडी कॅमकॉर्डर

नमस्कार मंडळी,

गणपतीत वेंगुर्ल्याजवळ आजोळी गेलो होतो. निघताना मोठ्या मामांनी त्यांचा कॅमकॉर्डर आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "माका आता बारीक बटणां दिसणत नाय, तूच घेवन जा," एवढंच म्हणाले. डब्यात २७ मिनी-डीव्ही कॅसेटी आहेत. २००७ ते २०११ या काळात गावच्या आणि आसपासच्या जत्रांमध्ये झालेले दहिकाले, म्हणजे दशावताराची नाटकं, मामांनी रात्र-रात्र उभं राहून यात घेतलेत.

या कॅसेटी मला का इतक्या महत्त्वाच्या वाटतात ते सांगतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते, पण संवाद नट तिथल्या तिथे उभे करतात. एका रात्री युद्धाच्या आधी जी जुगलबंदी झाली ती दुसऱ्या रात्री तशीच होत नाही. या टेपांतले दोन नट आज नाहीत, पेटी वाजवणारे बुवाही नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

कॅमेरा साधारण २००७-०८ चा आहे, अंगावर एचडीव्ही (मिनी-डीव्ही टेपेवर एचडी चित्र घेण्याची पद्धत) असं लिहिलंय. चारी बाजूंचे फोटो खाली जोडले आहेत. अडचणी अशा:

बॅटरी पूर्ण मेलेली आहे. अ‍ॅडॉप्टरवर कॅमेरा चालू होतो, पण दर वेळी तारीख-वेळ विचारतो.

पहिली कॅसेट लावली तेव्हा दोन मिनिटं सुंदर चित्र दिसलं. गणपतीचा प्रवेश होता. मग चित्राचे चौकोन-चौकोन झाले, आवाज तुटू लागला. मी घाबरून बंद केला. दुसऱ्या दिवशी एसीच्या खोलीतून बाहेर हॉलमध्ये आणून लावला तर पडद्यावर पाण्याच्या थेंबाची खूण आली आणि टेप चालेनाच.

यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला तर फक्त मेमरी कार्ड दिसतं, त्यात नऊ फोटो आहेत. टेपेचं काहीच नाही. मग ऑनलाइन एक केबल मागवली, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला कॅमेऱ्याच्या त्या छोट्या ४ पिनांच्या खोबणीत बसेल असं टोक. तिनेही काही झालं नाही.

तीन कॅसेटींच्या खिडकीतून आत पांढरं काहीतरी दिसतंय.

एका दुकानात विचारलं. ते डीव्हीडीवर करून देतो म्हणाले. पण डीव्हीडीवर एचडी उरणार नाही ना?

आणि शेवटचं. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतील. यंदाचं नाटक मी याच कॅमेऱ्यावर घेऊ का? मामांना आवडेल. मी आजवर मोबाइलशिवाय कशानेही शूटिंग केलेलं नाही, तेव्हा अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

प्रतिसाद

आत पांढरं दिसतंय त्या तीन कॅसेटी कॅमेऱ्यात घालू नका. आत्ताच्या आत्ता वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा. बाकीचं रात्री लिहितो.

दुसरा प्रतिसाद

केबलचं मी सांगतो, कारण यात खूप लोक फसतात. ४ पिनांची ती खोबण म्हणजे फायरवायर, म्हणजे आयईईई १३९४. यूएसबी आणि फायरवायर या दोन वेगळ्या भाषा आहेत. नुसती तार जोडून एकीचं दुसरीत भाषांतर होत नाही, त्यामुळे तुम्ही घेतली तशी केबल कधीच चालत नाही. परत करता आली तर करा, आणि पुन्हा लावून बघू नका, पोर्टला इजा व्हायची.

टेपवाल्या कॅमेऱ्यात यूएसबी ही मुख्यतः फोटोंसाठी असते. टेपेवरचा एचडी मजकूर जसाच्या तसा काढायचा रस्ता फायरवायरच. डेस्कटॉप असेल तर आत बसवायचं पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड मिळतं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं घ्या, त्याला ड्रायव्हरचा त्रास कमी होतो. सोबत ४ पिन ते ६ पिन केबल लागेल. जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. ६ पिनांचं टोक जोर लावून उलटं बसलं तर पोर्ट जळतो, आणि या कॅमेऱ्याचा तो पोर्ट जळला की सगळंच अवघड.

मॅक असेल तर थंडरबोल्टचे दोन अ‍ॅडॉप्टर एकापुढे एक लावून जमतं, पण २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मध्ये अ‍ॅपलने फायरवायर काढून टाकलंय. जुनी आवृत्ती असलेला मॅक शोधावा लागेल.

धागाकर्ता

धन्यवाद. डेस्कटॉप आहे, विंडोज १०. कार्ड शोधतो. तीन कॅसेटी बाजूला काढल्या.

पहिला प्रतिसाददाता

आता नीट लिहितो. माझ्याकडे लग्नाच्या शूटिंगच्या शेकडो टेपा होत्या, त्यामुळे या गोष्टींतून गेलो आहे.

ते पांढरं म्हणजे बुरशी. कोकणातल्या हवेत पत्र्याच्या डब्यात दहाहून जास्त पावसाळे काढल्यावर ती येणारच. अशी कॅसेट चालवली की बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. त्या तीन कॅसेटी टेप उघडून साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. आधी उरलेल्या चोवीस पदरात पाडून घ्या.

चौकोन का दिसतात ते समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. मिनी-डीव्हीची टेप पाव इंच रुंदीची असते आणि तिच्यावरून हेडचा ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो. हेडवर धुळीचा एक कण बसला तरी वाचन चुकतं. साध्या डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे चूक एका फ्रेमपुरती राहते. एचडीव्हीत एमपेग-२ (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) आहे. आपल्याकडच्या ५० आय पद्धतीत (सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमा) बारा-बारा फ्रेमांचा एक गट असतो आणि गटातल्या फ्रेमा एकमेकींवर अवलंबून असतात. म्हणून एक छोटी चूक जवळपास अर्धा सेकंद खाते. याचा अर्थ टेप मेली असा नाही, बहुतेक वेळा हेड मळलेलं असतं.

कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळवा. ती लावून दहा सेकंद प्ले करा, थांबवा, काढा. रिवाइंड करून पुन्हा तोच भाग वापरू नका. दोन-तीनदा केल्यावर फरक दिसला नाही तर थांबा. ही कॅसेट हेड घासूनच साफ करते, जास्त वापरली तर हेडच झिजतं. कापसाचा बोळा आणि स्पिरिट घेऊन आत बोट घालू नका.

थेंबाची खूण म्हणजे आत दव जमलंय. थंड खोलीतून दमट हवेत आणल्यावर चष्म्यावर येतं तसंच. त्या वेळी टेप ओल्या ड्रमला चिकटते, म्हणून कॅमेरा स्वतःच अडतो आणि ते त्याचं बरोबरच आहे. कॅसेट काढून झाकण उघडं ठेवून तासभर थांबा. पुढे कॅमेरा एकाच खोलीत ठेवा, एसी लावू नका.

प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर एक छोटी सरकपट्टी आहे. ती आधी 'सेव्ह'कडे सरकवा. हे सगळ्यात पहिलं काम. त्यानंतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. मग टेप शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपेचा ताण त्याने सारखा होतो, आणि मगच प्ले करा.

तारीख विचारतो कारण आतली छोटी बॅटरी उतरली आहे. कॅमेरा बंद ठेवून अ‍ॅडॉप्टर चोवीस तास लावून ठेवा, बऱ्याचदा ती पुन्हा भरते. मोठी बॅटरी आत्ता घेऊ नका. टेपा उतरवून घ्यायचं काम अ‍ॅडॉप्टरवरच करायचं असतं.

तिसरा प्रतिसाद

यंदाच्या जत्रेबद्दल: जरूर वापरा की! या कॅमेऱ्यांचा ऑप्टिकल झूम आजच्या मोबाइलला नाही. मांडवाच्या मागच्या टोकाला उभं राहून संकासुराचा (नाटकातल्या राक्षसाचा) चेहरा पूर्ण भरून घेता येतो.

पहिला प्रतिसाददाता

झूमचं खरं आहे, पण मी नको म्हणेन. चांगल्या नव्या टेपा आता सहज मिळत नाहीत, आणि या हेडचं आयुष्य मोजकं उरलंय. ते चोवीस कॅसेटी वाचण्यात खर्च होऊ दे. पाच तासांचं नाटक टेपेवर घेऊन तुम्ही पुन्हा तेच हेड झिजवणार, आणि मग ते पाच तास पुन्हा वाचायला लागणार.

यंदा मोबाइल तिकाटण्यावर लावा. एक्सपोजर पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्यावर धरून लॉक करा, नाहीतर मागच्या काळ्या पडद्याला बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि तोंडं नुसती पांढरी होतात. फ्रेम रेट २५ किंवा ५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० वर ठेवलं तर ट्यूबलाइट लुकलुकते. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर पेटीवाल्यांपासून जरा लांब ठेवा, पखवाजाच्या अगदी जवळ ठेवला तर संवाद बुडतात.

चौथा प्रतिसाद

सॉफ्टवेअर: एचडीव्ही टेपांसाठी एचडीव्हीस्प्लिट, साध्या डीव्ही टेपांसाठी विनडीव्ही. दोन्ही जुनी आणि फुकट आहेत. कॅमेऱ्याच्या मेन्यूत फायरवायरवरून डीव्हीत रूपांतर करून पाठवण्याचं एक सेटिंग असतं, ते बंद हवं. ते चालू राहिलं तर एचडी टेप ७२० बाय ५७६ मध्ये येते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सेटिंग बदलताना केबल काढलेली असू द्या.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. कार्ड यायला वेळ लागला.

सांगितलंत तसंच केलं. आधी सगळ्या पट्ट्या 'सेव्ह'वर सरकवल्या, क्लीनिंग कॅसेट दहा-दहा सेकंद दोनदा चालवली. गणपतीच्या प्रवेशाची ती पहिली टेप आता पंचावन्न मिनिटं सलग चालली, चौकोन फक्त दोन ठिकाणी आले.

चौथ्या प्रतिसादातल्या सेटिंगने मला वाचवलं. पहिली टेप घेतली तेव्हा फाइल डीव्हीची निघाली, चित्र मऊ-मऊ. मेन्यूत पाहिलं तर रूपांतर चालूच होतं. केबल काढून बंद केलं, पुन्हा घेतली. आता १४४० बाय १०८० ची फाइल येते, तासाच्या टेपेला साधारण ११ ते १२ जीबी. सुरुवातीला चित्र आडवं दबलेलं वाटलं, मग कळलं की एचडीव्हीत पिक्सेल रुंद असतो आणि प्लेअरने ते १९२० करून दाखवायचं असतं. व्हीएलसीत बरोबर दिसलं.

नटाने हात जोरात फिरवला की कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात. हा टेपेचा दोष आहे का?

चौथा प्रतिसाददाता

दोष नाही. ५० आय म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी असतात, जुन्या टीव्हीसाठी. व्हीएलसीत डीइंटरलेस (या रेघा घालवणारं सेटिंग) चालू करा. टेपेवरून आलेल्या मूळ एम२टी फाइलला हात लावू नका, ती तशीच दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. लोकांना दाखवायची प्रत वेगळी करा आणि ती ५० प्रोग्रेसिव्ह (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमा) ठेवा, म्हणजे गिरक्या तुटक दिसणार नाहीत.

धागाकर्ता

समजलं. दोन डिस्क घेतल्या, एक गावी मामांकडे राहील.

आजपर्यंत अकरा टेपा झाल्या. आठवी टेप जुन्या साध्या डीव्हीची निघाली, ती विनडीव्हीने घेतली. कॅसेटींवरची नावं शाईसकट पुसली गेली आहेत, पण प्ले करताना कॅमेऱ्यातलं डेटा कोड हे सेटिंग चालू केलं की रेकॉर्डिंगची तारीख-वेळ दिसते हे मला आपोआप सापडलं. ज्यांच्याकडे अशा टेपा आहेत त्यांनी हे नक्की करून बघा. फाइलींना तीच तारीख आणि गावाचं नाव देतोय.

सहाव्या टेपेवर २००८ च्या डिसेंबरातली, रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांची तारीख आली. तिच्यावर पेटीवाले बुवा आहेत. नाटक दहा मिनिटं थांबलंय, पुढच्या नटाच्या डोक्याचा मुकुट सैल झालाय, आणि तोवर बुवा एकटे पेटीवर वाजवत बसलेत. मामांनी कॅमेरा त्यांच्यावरून हलवलेला नाही.

मामांना फोनवर तेवढा भाग ऐकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या तीन बुरशीच्या कॅसेटींत त्यांचाच गाणा आसा."

तेव्हा आता एवढंच विचारायचंय. मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर-बेळगावकडे बुरशी लागलेली मिनी-डीव्ही टेप उघडून हाताने साफ करणारं कोणी तुमच्या स्वतःच्या अनुभवातलं आहे का? कुरियरने पाठवायची माझी तयारी नाही, स्वतः घेऊन येईन. तोवर त्या तिन्ही सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात उभ्या ठेवल्या आहेत.