‘नांगर टाकणे’ कधी, ‘किल्ला लढवणे’ कधी?

प्रश्न : क्रिकेटच्या बातम्यांत ‘नांगर टाकला’ आणि ‘एकहाती किल्ला लढवला’ हे एकाच खेळीबद्दल लिहिलेलं दिसतं. अर्थ एकच का? आणि हा नांगर शेतातला की जहाजाचा?

उत्तर : जहाजाचा. हिंदीत याला लंगर म्हणतात. ‘नांगर ठोकला’ असं कुणी लिहिलं की शेतातलं अवजार डोळ्यांपुढे येतं, टाकायचाच.

अर्थ मात्र एक नाही. नांगर टाकणं म्हणजे धावांची घाई न करता चेंडू खेळून काढत एक बाजू धरून ठेवणं. नांगर टाकणाऱ्याच्या समोर धावा करणारं कुणीतरी असावं लागतं. 2002 ची इंग्लंडमधली हेडिंग्ले कसोटी घ्या. ढगाळ हवा, चेंडू हलतोय, तरी नाणेफेक जिंकून भारताने फलंदाजी घेतली, दोन फिरकीपटू खेळवले आणि सलामीला संजय बांगरला पाठवलं. त्याने काय केलं? ऑफस्टंपबाहेरचे चेंडू सोडले, अंगावरचे उशिरा, डोळ्यांखाली, सैल हातांनी खेळून जमिनीत मारले. धावा 68 च. पण चेंडू जुना झाला आणि पुढे द्रविड, तेंडुलकर, गांगुली या तिघांचीही शतकं झाली. हा नांगर! (बांगर-नांगर यमक फुकटात.)

किल्ला लढवतात तो गडी पडत असताना. 1987 ला बंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध 221 चा पाठलाग करताना भारत 204 वर संपला, त्यात गावसकरांच्या 96. त्या आखाड्यावर (धुळीच्या, चेंडू वळवणाऱ्या खेळपट्टीवर) दुसऱ्या कुणालाच टिकता येईना. तिथे ‘नांगर’ म्हणणं म्हणजे खेळीची किंमत कमी करणं.

पुन्हा प्रश्न : मग 2018 च्या जोहान्सबर्गला पुजारा? पहिली धाव 54 व्या चेंडूवर!

उत्तर : नांगरच. समोर कोहली धावा काढत होता, दोघांचीही अर्धशतकं झाली. संघ 187 वर आटोपला, तरी सामना जिंकला. निवडही बघा : फिरकीपटू एकही नाही, पाच वेगवान गोलंदाज. अशा संघात शेपूट (तळाचे, फलंदाजीत कच्चे खेळाडू) लवकर सुरू होतं, म्हणून वर कुणीतरी चेंडू खाणारा लागतोच.

पाटा (फलंदाजीला सोप्या) खेळपट्टीवर कुणी असंच खेळला, तर त्याला ‘रटाळ’ म्हणावं. वार्ताहर तिथेही नांगर टाकून मोकळे होतात.

आणखी एक : ‘आखाडा’ हिरव्या खेळपट्टीलाही चालेल का?

उत्तर : नाही. आखाडा म्हणजे मोकळी माती, धूळ, पहिल्या दिवसापासून हातभर वळणारा चेंडू. गवत असेल तर सरळ ‘हिरवीगार’.