कंबोडियाची निवडणूक युनोने घेतली, मग लोकशाही कुठे अडली?

अनघा_वाचते

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला आहे. सेमिनारचा विषय आहे ‘लोकशाहीकडे वळणाऱ्या देशाला बाहेरून मदत’. बांगलादेश, सीरिया सगळेच घेतायत, म्हणून मी कंबोडिया निवडला. आता वाचताना पंचाईत झालीय.

ऑक्टोबर १९९१ ला पॅरिसमध्ये तिथलं यादवी युद्ध थांबवायचा करार झाला. १९९२ च्या मार्चपासून युनोचं मिशन तिथे उतरलं, सैनिक, पोलीस आणि मुलकी माणसं मिळून बावीस हजारांच्या आसपास. थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून साडेतीन लाखांहून जास्त निर्वासित घरी आणले. टोकियोच्या परिषदेत देशोदेशींनी ८८ कोटी डॉलरची मदत कबूल केली. मिशनचा खर्च वेगळाच, दीड अब्ज डॉलरच्या वर. मे १९९३ मध्ये मतदान झालं तेव्हा नोंदलेल्या ४७ लाखांपैकी ४२ लाखांहून जास्त लोक आले.

आणि पुढे? २०१७ मध्ये मुख्य विरोधी पक्ष कोर्टाने बरखास्त केला, २०१८ ला सत्ताधारी पक्षाने १२५ च्या १२५ जागा घेतल्या, २०२३ ला पंतप्रधानपद बापाकडून मुलाकडे गेलं.

एवढी माणसं, एवढा पैसा, लोकांचा एवढा उत्साह. मग घोडं अडलं कुठे? पुस्तकांत ‘संस्थात्मक दौर्बल्य’ वगैरे लिहिलंय, त्यातून मला काही दिसत नाही. कोणी तिथे राहिलंय, काम केलंय का?

सुभेदार_सातारा

अनघा बाळ, मी होतो तिथे. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट. १९९२ च्या अखेरीस गेलो, १९९३ च्या सप्टेंबरात परत आलो. भारताची पलटण कांपोंग चाम प्रांतात होती, मेकाँगच्या काठी, आणि आमची वैद्यकीय तुकडी तिच्यासोबत. नदीपलीकडे रबराचे मळे. तेव्हा पूल नव्हता, सगळा व्यवहार फेरीबोटीवर. आमच्याकडे कामं दोनच, मलेरिया आणि सुरुंगाने गेलेले पाय.

मतदानाचं सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या दिवशी पहाटे एका शाळेच्या आवारात प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसलो होतो. पावसाळा तोंडावर आलेला, अंगण चिखलाचं. ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट बंडखोरांनी, निवडणुकीवर बहिष्कार टाकलेला, हल्ल्याच्या धमक्या रोजच्या. आम्हाला वाटलं होतं, लोक दुपारपर्यंत अंदाज घेतील. उजाडायच्या आधीच रांग रस्त्यापर्यंत गेली होती. माणसं ठेवणीतले कपडे घालून आलेली. बाया लग्नाला निघाल्यासारख्या.

रांगेत एक म्हातारी होती. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, लाकडाची घरीच बनवलेली कुबडी. कुबडीने काखेत सोलपटलं होतं, म्हणून मी तिला खुर्चीवर बसवायला गेलो. ती रांगेतली जागा सोडेना. शेवटी तिथेच, उभ्याउभ्या तिची काख पुसून पट्टी केली. आपल्या पंचासारखं चौकडीचं कापड असतं त्यांचं, क्रामा म्हणतात. त्याच्या गाठीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फोटोचं मतदार कार्ड. ती आमच्या दुभाष्या पोराला काहीतरी विचारत होती. तो म्हणाला, ‘ती विचारतेय, रेडिओवर सांगतात की कोणाला मत दिलं ते कोणालाच कळणार नाही. खरं का?’

हे विचारायला कारण होतं. गावोगाव पक्षाची माणसं फिरून कार्डांचे नंबर वहीत लिहून घेत होती, तुम्ही काय केलं ते आम्हाला कळेल असं सांगत होती. युनोने स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं होतं आणि दिवसभर तेच एक वाक्य, तुमचं मत गुप्त आहे. मी तिला सांगितलं, ‘खरं आहे.’ ते खरंच होतं. पेट्या आम्ही राखल्या, त्यात कुठे खोट नव्हती. कोणी त्या निवडणुकीला दिखाऊ म्हटलं तर मला सहन होत नाही.

पण तिला आणखी एक गोष्ट आपण न बोलता कबूल केली होती. तू ज्याला मत देशील, तो राज्य करेल. ती आपल्या हातात नव्हती आणि हे तिला कोणी सांगितलं नाही.

करारात लिहिलं होतं की परराष्ट्र, संरक्षण, अर्थ, पोलीस आणि माहिती ही पाच खाती युनोच्या थेट नियंत्रणाखाली राहतील. कागदावर. प्रांताच्या कचेरीत युनोचा एक साहेब आणि त्याचा एक दुभाषी बसायचे. फायली सगळ्या तिथल्या ख्मेर भाषेत. ज्या फायलीवर निर्णय व्हायचा ती त्याच्याकडे आलीच तर सह्या झाल्यावर. तलाठ्यापासून ठाणेदारापर्यंत सगळी माणसं एका पक्षाची, १९७९ पासून बसलेली. आपण मतदान हाती घेतलं आणि कचेरी त्यांच्याकडेच राहू दिली. माझ्या मते घोडं अडलं ते इथे.

निकाल लागला. १२० पैकी फुन्सिन्पेक या राजघराण्याच्या पक्षाला ५८, कचेऱ्या धरून बसलेल्या हुन सेन यांच्या पक्षाला ५१. फुन्सिन्पेकचे नेते राजपुत्र रणरिद्ध (नावातला ‘रण’ आपलाच). हरलेल्यांनी निकाल मानला नाही. जूनमध्ये पूर्वेकडचे प्रांत फुटून निघतात अशी घोषणा झाली, आमचं कांपोंग चाम त्यात धरून, आणि पुढाकार कोणाचा, तर रणरिद्ध यांच्याच सावत्र भावाचा, चक्रपोंगचा. युनोच्या कचेऱ्यांवर जमाव चालून गेले. चार-पाच दिवसांत ते विरलं, पण काम झालं होतं. तडजोड झाली आणि देशाला दोन पंतप्रधान मिळाले, पहिले रणरिद्ध, दुसरे हुन सेन. खाती वाटून घेतली. खाली पोलीस, फौज, जिल्ह्याचे अधिकारी होते तेच राहिले.

त्याच वेळी आम्ही सामान बांधत होतो. २४ सप्टेंबरला राज्यघटना जाहीर झाली, सिहानूक पुन्हा राजे झाले, मिशन संपलं. त्या म्हाताऱ्या बाईला सगळ्यात जास्त गरज होती ती मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि आमच्या परतीच्या तारखा ठरलेल्या होत्या.

पैशाचंही लिहून ठेव. युनोच्या मुलकी कर्मचाऱ्याला दिवसाचा भत्ता १४५ डॉलर होता. आम्हा फौजींना १.२८ डॉलर. माझी त्याबद्दल तक्रार नाही, पगार आपल्या सरकारचा चालू होता. पण राजधानी नोम पेन्हमध्ये घरभाडी कुठच्या कुठे गेली, आणि शाळामास्तराचा महिन्याचा पगार त्या साहेबाच्या एका दिवसाच्या भत्त्याच्या जवळपासही नव्हता. मास्तर शाळा सोडून ड्रायव्हर झाले. मदतीचा आकडा वाचताना त्यातलं गावात किती उतरलं ते बघ.

पिंपळपान

सुभेदारसाहेब, तुमच्या अनुभवापुढे बोलणं धाडसाचं आहे, पण ‘मदत’ हा शब्दच मला खटकतो. १९६९ ते १९७३ अमेरिकेने त्या देशावर बॉम्ब टाकले. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजेने ख्मेर रूजचा हुकूमशहा पोल पॉट याला हुसकावलं, तरी युनोमधली खुर्ची पोल पॉटच्याच राजवटीकडे राहिली, चीन आणि पाश्चात्त्य देशांच्या पाठिंब्यावर. भारताने १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली तेव्हा आपण जवळजवळ एकटे होतो. दहा वर्षं त्या भुकेल्या देशाला विकासाची मदत नाकारली गेली. अंगकोर वाटच्या डागडुजीला आपलं पुरातत्त्व खातं १९८६ मध्ये गेलं ते याच काळात. मग १९९१ ला सगळे एकदम उदार झाले. अनघा, कोणी काय बिघडवलं होतं तिथून सुरुवात कर. तो पैसा मला अर्धीमुर्धी भरपाई वाटतो.

सुभेदार_सातारा

पटलं. आमच्याकडे सुरुंगाचे जे जखमी यायचे, ते सुरुंग कंबोडियात बनलेले नव्हते. भरपाई म्हणा. पण भरपाईसुद्धा नीट द्यावी लागते, इतकंच माझं म्हणणं.

धागादोरा

मी मूळची इचलकरंजीची, नोम पेन्हमध्ये मर्चंडायझर आहे, म्हणजे कारखान्यात माल वेळेत आणि मापात निघतो का हे बघणारी. काकांनी मतपेटीचं सांगितलं, मी शिलाई मशीनचं सांगते. बाहेरच्या मदतीतलं जे थोडंफार मुरलंय, ते मला इथे दिसतं.

१९९९ मध्ये अमेरिकेने कंबोडियाशी कापडाचा करार केला. अट साधी होती. कामगारांची स्थिती सुधारा, आम्ही तुमचा निर्यातीचा कोटा वाढवू. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे निरीक्षक २००१ पासून कारखान्यांत जाऊ लागले. पंखे, संडास, जादा तासांचे पैसे, संघटना करायचा हक्क, सगळ्याची तपासणी. २००४ च्या अखेरीस कोटा पद्धतच संपली, पण तपासणी राहिली. मी आजही तिची कागदपत्रं भरते. दर वर्षी मोठी ऑर्डर मिळत होती म्हणून मालकांनी ते केलं, भाषणं ऐकून नाही. निवडणुकीनंतर असं वर्षावर्षाला मोजलं जाणारं काही ठेवलं असतं तर? हे माझं मत आहे, अभ्यास नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०१४ मध्ये याच शहराच्या वेंग स्रेंग रस्त्यावर पगारवाढ मागणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला, किमान चारजण गेले. मागणी महिना १६० डॉलरची होती. २०२४ ला किमान पगार २०४ डॉलर झाला. विरोधी पक्ष संपवल्यावर युरोपीय संघाने ऑगस्ट २०२० मध्ये करसवलत काही मालावरून काढून घेतली, निर्यातीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावरून. तेव्हा मी फ्लोअरवर होते. मंत्र्यांचं काय बिघडलं मला दिसलं नाही. आमच्या लाइनचा ओव्हरटाइम गेला. उघड्या ट्रकमध्ये उभ्या राहून कामाला येणाऱ्या मुली आहेत या. ओव्हरटाइम गेला की गावी जाणारे पैसे गेले.

काका, तुमच्या कांपोंग चामला आता पूल आहे बरं का. जपानने बांधून दिला, डिसेंबर २००१ मध्ये सुरू झाला, नाव ‘किझुना’, जपानीत त्याचा अर्थ ऋणानुबंध. इथल्या ५०० रियलच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. माझ्या लाइनवरची एक मुलगी तिकडचीच. सणाला त्याच पुलावरून घरी जाते.

अनघा_वाचते

तिघांचे मनापासून आभार. काका, आता सेमिनारची मांडणी मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून करते. पिंपळपान, सुरुवातीचं पान १९६९ चं असेल. ताई, करारातल्या अटींबद्दल तुम्हाला वेगळा निरोप पाठवते.

काका, एकच विचारते, नको वाटलं तर सांगू नका. तो दुभाषा मुलगा, त्याचं पुढे काय झालं?

सुभेदार_सातारा

विचारलंस ते बरं झालं. ताई, पुलाचं ऐकून फार बरं वाटलं. नोट मिळाली तर फोटो टाका.

तो तेव्हा वीसेक वर्षांचा होता. निघायच्या आदल्या रात्री त्याने मला विचारलं, ‘तुम्ही गेल्यावर, मी तुमच्यासोबत काम केलं हे लोक विसरतील ना?’ मला उत्तर देता आलं नाही. मी त्याला गावाकडचा पत्ता लिहून दिला.

वर्षाला एक-दोन पत्रं यायची. इंग्रजीच्या शिकवण्या घेत होता. १९९७ च्या सुरुवातीला त्याने इंग्रजीचा चांगला शब्दकोश मागितला. मी रजेवर आलो तेव्हा घेतला, आणि जूनमध्ये साताऱ्याच्या पोस्टातून पोचपावतीसह रजिस्टर पार्सल केलं. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात नोम पेन्हमध्ये दोन पंतप्रधानांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. रणरिद्ध देशाबाहेर, त्यांची माणसं मारली गेली, पकडली गेली. मी रोज रात्री रेडिओवर बातम्या लावायचो.

दिवाळीत घरी आलो तर टपालात पोचपावती येऊन पडली होती. तारीख ऑगस्टची. खाली सही ख्मेर लिपीत, मला ती वाचता येत नाही. जुनी पत्रं काढली, त्याची सही शेजारी ठेवून बायकोला दाखवली. शेवटच्या अक्षराची शेपटी तो खाली ओढून वर वळवायचा. तशीच होती.