सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजची अधिस्वीकृती (दर्जाची अधिकृत मान्यता, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन) जाणार होती म्हणतात. तिथे प्रवेश घ्यावा का?

मोगरा (प्रश्न):
नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला आलो. माझी बी.कॉम.ची पदवी इथे तपासून घेतली, तेव्हा सीपीएच्या (इथल्या सनदी लेखापालाच्या) परवान्यासाठी हिशेबशास्त्राचे काही युनिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, कमी पडतात असे कळले. ते युनिट सिटी कॉलेजमध्ये पूर्ण करावेत, असा सल्ला शेजारच्या बाईंनी दिला. मात्र आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी 'त्या कॉलेजचे अ‍ॅक्रेडिटेशन काढून घेतले होते, तिकडे फिरकूही नका' असे बजावले. नेमके काय घडले होते, आणि आज तिथे शिकलेले ग्राह्य धरले जाईल का? सिटी कॉलेज हे कम्युनिटी कॉलेज आहे म्हणतात, ते आपल्याकडच्या रात्रशाळेसारखे काही असते का, हेही मला नीट उमगलेले नाही.

धुक्याचे गाव:
मोगराताई, तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी अर्धीच गोष्ट ऐकलेली दिसते. अधिस्वीकृती काढून घेण्याचा निर्णय झाला होता हे खरे, पण ती प्रत्यक्षात एक दिवसही गेली नाही. मी २०१२ ते २०१५ या काळात तिथे विद्यार्थी होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हे कॉलेज १९३५ साली सुरू झाले आणि २०१२ च्या सुमारास तिथे जवळजवळ नव्वद हजार विद्यार्थी शिकत होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये कम्युनिटी कॉलेजांची अधिस्वीकृती पाहणाऱ्या आयोगाने 'तुमची अधिस्वीकृती का काढू नये, याची कारणे द्या' अशी नोटीस बजावली. तक्रारींचा मुख्य रोख शिकवण्याच्या दर्जावर नव्हता. गंगाजळी फारच तुटपुंजी आहे, अंदाजपत्रकाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पगार आणि भत्त्यांत जातो, प्रशासकांची संख्या अपुरी आहे आणि निर्णय कोण घेतो तेच स्पष्ट नाही, अशा स्वरूपाच्या त्या होत्या. वर्षभरात कॉलेजने बरीच धावपळ केली, शहराच्या मतदारांनी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कॉलेजसाठी मालमत्तांवर जादा करही मंजूर केला, तरीही जुलै २०१३ मध्ये आयोगाने ३१ जुलै २०१४ ही अधिस्वीकृती संपण्याची तारीख जाहीर केली आणि लोकांनी निवडून दिलेले विश्वस्त मंडळ बाजूला सारून राज्याने एका विशेष विश्वस्ताच्या हाती कारभार दिला.

त्या उन्हाळ्यात माझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने आपल्या गुणपत्रिकेच्या सहा सीलबंद प्रती काढून पिशवीत ठेवल्या होत्या. कॉलेज बंद पडले तर निदान एवढे हातात असावे, असे ती म्हणायची. अधिस्वीकृती टिकून असूनही नुसत्या बातमीने विद्यार्थी पांगले आणि पुढच्या काही वर्षांत पटसंख्या जवळजवळ एक तृतीयांशाने घसरली. राज्याचा निधी पटावर अवलंबून असल्यामुळे पैशांची जी तंगी दाखवून नोटीस दिली होती, तीच नोटिशीमुळे आणखी वाढली.

पुढे शहराच्या वकिलांनी आयोगावर दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीश कर्टिस कार्नाऊ यांनी निकाल लागेपर्यंत अधिस्वीकृती काढण्यास मनाई केली आणि आयोगाने प्रक्रियेत कायदा मोडल्याचे त्यांनीच २०१५ च्या सुरुवातीला नमूद केले. त्याआधीच, २०१३ मध्ये, केंद्रीय शिक्षण विभागानेही तपासणी पथकात अध्यापक पुरेसे नव्हते आणि आयोगाच्या अध्यक्षांचे पती त्या पथकात होते, यावर बोट ठेवले होते. अखेर जानेवारी २०१७ मध्ये कॉलेजला सात वर्षांची पूर्ण अधिस्वीकृती मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा इशारा मिळाला होता, परंतु इशारा मिळालेले कॉलेज अधिस्वीकृतच असते आणि त्या काळात घेतलेले युनिट ग्राह्यच राहतात.

कॅम्पसवर गेलात तर मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या भल्यामोठ्या भित्तिचित्राची चौकशी अवश्य करा. १९४० साली ट्रेझर आयलंडवरच्या प्रदर्शनात लोकांच्या डोळ्यांदेखत रंगवलेले ते चित्र पुढे कित्येक वर्षे या कॉलेजच्या नाट्यगृहात होते, आणि वर्गाला उशीर झाला की मी तिथेच रेंगाळत असे.

आयक्यूएसी सातारा:
मी साताऱ्याकडील एका महाविद्यालयात नॅकचे (भारतात महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेचे) काम पाहते, त्यामुळे हा धागा आवर्जून वाचला. आपल्याकडे नॅकची श्रेणी घसरली तर प्राचार्यांची झोप उडते, स्वयंमूल्यांकन अहवालासाठी आम्ही दहा-दहा वर्षांच्या फायली बाहेर काढतो आणि पीअर टीम, म्हणजे तपासणी पथक, येण्याच्या आदल्या रात्री कुंड्यांना गेरू लावला जातो, पण विद्यार्थ्याच्या पदवीला धक्का लागत नाही, कारण संलग्न महाविद्यालयातील पदवी विद्यापीठाची असते. तिकडे कम्युनिटी कॉलेजच्या डोक्यावर असे विद्यापीठ नाही. पदवी ते स्वतःच्या नावाने देते, आणि विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्रीय आर्थिक मदतही अधिस्वीकृती असेल तरच मिळते. म्हणून आपल्या 'ब' श्रेणीशी तिथल्या नोटिशीची तुलना करणे बरोबर नाही.

खाडीपलीकडे:
आयोगाची बाजूही थोडी मांडतो, कारण धुक्याचे गाव यांच्या लिखाणात ती जरा हलकी झाली आहे. पथकाच्या निवडीत चूक झाली म्हणून तिजोरीचे दुखणे खोटे ठरत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन कॉलेजची अधिस्वीकृती २००६ मध्ये खरोखरच गेली. तेव्हा शेजारच्या एल कमिनो कॉलेजने ते आपल्या छत्राखाली घेतले म्हणून वर्ग चालू राहिले, आणि स्वतःची अधिस्वीकृती परत मिळवायला कॉम्प्टनला २०१७ उजाडले. सिटी कॉलेजच्या वाट्याला ते आले नाही, याचे कारण शहर पाठीशी उभे राहिले हे जितके, तितकेच नोटीस आल्यावर हिशेब सुधारावे लागले हेही आहे.

राहिला रात्रशाळेचा प्रश्न. कॅलिफोर्नियातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांत कोणी दोन वर्षे शिकून राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो, कोणी नर्सिंग किंवा विमानदुरुस्ती शिकतो आणि कोणाची आजी इंग्रजी शिकते. माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती, तेव्हा तिला सगळ्यात हेवा वाटला तो साठीच्या चिनी बायका वही-पेन्सिल घेऊन वर्गाला निघत त्याचा. राज्यातील रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटच्या विषयाला १३८ डॉलर फी पडते. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ साली मतदारांनी महागड्या मालमत्तांच्या हस्तांतरणावर कर वाढवला आणि २०१७ पासून शहरातील रहिवाशांना सिटी कॉलेजची ही फी माफ झाली.

मोगरा:
सर्वांचे आभार. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे. मला रहिवासी धरतील का?

खाडीपलीकडे:
एच-४ असला तरी रहिवासी ठरता येते. सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष एक दिवस वास्तव्य झालेले असावे लागते, आणि ते तुमचे झाले आहे. भाडेकरार, कराचे विवरणपत्र आणि वाहन परवाना बरोबर न्या. त्याआधी सीपीए मंडळाच्या निकषांप्रमाणे नेमके कोणते विषय कमी पडतात याची यादी करून कॉलेजच्या समुपदेशकाला दाखवा, म्हणजे नको ते विषय घेतले जाणार नाहीत.