लॉक बंद पडले आणि अठरा वर्षांच्या मराठी फाइली अडकल्या: पुढे काय करावे?

अक्षरजुळारी (सांगली जिल्हा)

नमस्कार. तालुक्याच्या गावी आमचे छोटे मुद्रणालय आहे. वडील खिळे जुळवून ट्रेडलवर छपाई करीत असत. पुढे संगणक आला आणि २००७ साली आम्ही मराठी अक्षरजुळणीचे एक सॉफ्टवेअर रीतसर बिल घेऊन विकत घेतले. त्याची किंमत तेव्हाच्या आमच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती. सीडीबरोबर एक यूएसबी लॉक मिळाले. ते संगणकाला लावलेले असेल तरच सॉफ्टवेअर सुरू होते आणि फाँटही त्याच्यासोबतच चालतात.

गेल्या महिन्यात त्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला, परंतु त्यावर लॉक ओळखले जात नाही. कंपनीला दूरध्वनी केला तेव्हा असे सांगण्यात आले की ती आवृत्ती बंद झाली आहे, जुने लॉक बदलून मिळणार नाही आणि नवी आवृत्ती पूर्ण किंमत देऊन घ्यावी लागेल. नव्या आवृत्तीला परवाना तपासण्यासाठी ठरावीक दिवसांनी इंटरनेट लागते. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेट नसते, आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल नेमके त्याच दिवसांत छापायचे असतात.

अडकलेल्या मजकुरात स्थानिक दिवाळी अंकाचे अठरा वर्षांचे अंक आहेत, पतसंस्थांचे अहवाल आहेत आणि गावातल्या एका दिवंगत शिक्षकांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे एक पुस्तक आहे. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचे मी त्यांच्या मुलीला कबूल केले आहे. छापील प्रत माझ्यासमोर आहे, फाइलही हार्ड डिस्कवर शाबूत आहे, पण ती उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग दिसते.

मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. आमच्याच बाजारपेठेत हेच सॉफ्टवेअर लॉक तोडून वापरणारी दोन दुकाने आहेत आणि त्यांचे काम एक दिवसही थांबलेले नाही. त्याच संध्याकाळी एका तरुणाने थोडक्या पैशांत तीच तोडलेली प्रत मला देऊ केली. मी ती घेतली नाही, पण ज्याने पैसे मोजले त्याचेच काम बंद पडावे, हे मला आजही पटत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की जुन्या फाइली सरळ मार्गाने उघडता येतील का, पुढील कामासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि माझ्या पैशांनी घेतलेल्या वस्तूचे कुलूप मीच उघडले तर कायदा काय म्हणतो.

यंत्रमित्र (पुणे)

आपले लॉक मेले आहे असे अजून गृहीत धरू नका. अशा बहुतेक प्रकरणांत लॉक ठीक असते आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखून देणारी छोटी प्रणाली, नव्या विंडोजवर बसत नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिट या नव्या रचनेतच मिळते, आणि ६४ बिट विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल सही असावी लागते. २००७ च्या सीडीतला ड्रायव्हर बहुधा ३२ बिट या जुन्या रचनेचा असणार, म्हणून तो तिथे चालणारच नाही.

पहिले काम असे करा. लॉकवर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते भिंगाने वाचा. अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी लॉक सहसा स्वतः बनवत नाही. ते दुसऱ्या उत्पादकाकडून आलेले असते. त्यावर ‘हॅस्प’ किंवा ‘सेंटिनेल’ असे नाव असेल तर हे दोन्ही प्रकार कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतून आता थेल्स या कंपनीकडे आले आहेत आणि त्यांचा नवा ड्रायव्हर थेल्सच्या संकेतस्थळावर मिळतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने हात वर केले तरी हा मार्ग खुला असतो, आणि त्यात कोणतेही कुलूप तोडावे लागत नाही.

तेवढ्याने जमले नाही तर ३२ बिट विंडोज असलेला एखादा जुना संगणक मिळवा. विंडोज १० चीसुद्धा नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, त्यामुळे तो संगणक इंटरनेटला अजिबात जोडू नका. त्याच्याकडून फक्त जुन्या फाइली उघडण्याचेच काम घ्या.

सॉफ्टवेअर एकदा सुरू झाले की त्याच दिवसापासून प्रत्येक फाइलची पीडीएफ फाँट अंतर्भूत करून काढून ठेवा. पुनर्मुद्रणाला ती पुरेल. मजकुरात बदल करायचा असेल तर मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतर करावेच लागेल, आणि तिथे वेळ जातो. त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नोंदली जाई आणि रफार अक्षरानंतर. रूपांतर करणाऱ्या प्रणालीला हा क्रम पुन्हा लावावा लागतो आणि जोडाक्षरांत ती चुकते. ओव्यांच्या पुस्तकाचे मुद्रितशोधन पहिल्यापासून करावे लागेल, असे धरूनच वेळ ठरवा.

पुढच्या कामासाठी मी आपल्याला स्क्रायबस हे पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर सुचवीन. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कोणालाही वापरता आणि वाटता येते, त्याला लॉक किंवा परवाना-तपासणी काहीही नाही, आणि चार रंगांच्या छपाईसाठी लागणारी पीडीएफ ते देते. देवनागरीची जोडाक्षरे त्याच्या जुन्या आवृत्त्यांत तुटत, म्हणून १.६ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्या. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडायला विसरू नका, कारण काही फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ तेव्हाच उमटतात. फाँटांमध्ये मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आणि गूगलचा नोटो देवनागरी हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. कामाचा वेग सुरुवातीला कमी होईल, विशेषतः आपला हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला असेल तर. साधारण दोन महिने द्या.

कलमवाचक

कायद्याच्या प्रश्नापुरते लिहितो. प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वी वकिलांना कागद दाखवावेत.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए हे कलम आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण चुकवणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. ‘हक्कभंगाच्या हेतूने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी संरक्षण ओलांडले तर त्याच कलमाचा दुसरा भाग सूट देतो. अशा वेळी जो दुसरा माणूस आपल्याला मदत करील, त्याने मदत घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवावी, अशी अटही तिथे आहे. शिवाय कलम ५२ नुसार संगणक प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामापुरती किंवा नष्ट होण्याच्या भीतीने राखीव म्हणून, प्रत करता येते.

बाजारातल्या तरुणाकडची प्रत घेतली नाहीत, हे योग्यच केलेत. आपल्याकडे मूळ बिल असले तरी ती प्रत दुसऱ्याच कोणाची तरी बेकायदा प्रत आहे, आणि अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कलम ६३बी खाली किमान ७ दिवसांची कैद आणि ५०,००० रुपयांपासून पुढे दंड होऊ शकतो. बिल, सीडी आणि लॉक हे तिन्ही एकत्र जपून ठेवा.

कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याचाही विचार करा. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही असे आपल्याला सांगितले जाईल, पण स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी ती वस्तू वापरणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहकच ठरतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधी कंपनीला लेखी पत्र पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंद करा. दूरध्वनीवरचा नकार पुढे सिद्ध करता येत नाही.

दूरदेशी (न्यू जर्सी)

आपल्यासारखीच अडचण इथे थेट कायद्यापुढे आली होती, म्हणून लिहीत आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप ओलांडणे हेच स्वतंत्रपणे बेकायदा ठरवले. मात्र दर तीन वर्षांनी काही सवलती जाहीर होतात. २००३ च्या सवलतींत बिघडलेल्या आणि बाजारात बदलून किंवा दुरुस्त करून न मिळणाऱ्या डोंगलमुळे (आपल्या लॉकसारख्या वस्तूला इथे डोंगल म्हणतात) अडलेल्या प्रणाली होत्या, आणि २००६ व २०१० मध्येही ही सवलत चालू राहिली. डोंगल मेले की पैसे भरलेला माणूस बाहेर राहतो, ही गोष्ट एका सरकारी यंत्रणेने तेव्हाच मान्य केली होती. भारतात ती बंधनकारक नाही, तरी कंपनीला लिहिताना हा दाखला जोडता येईल.

स्वतःचे_दुकान (नाशिक)

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. पतसंस्थांसाठी हिशेबाची एक लहान मराठी प्रणाली मी बारा वर्षे विकली, आणि पहिली सात वर्षे तिला लॉक होते. ते लावण्याचे कारण खरे होते: पहिल्या वर्षी एक प्रत विकली की त्याच तालुक्यात ती पाच-सहा ठिकाणी दिसत असे आणि घरखर्च निघत नसे. छोट्या मराठी सॉफ्टवेअरवाल्याने स्वतःचे रक्षण करू नये, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु सात वर्षांत माझ्या मदत-दूरध्वनीवर जे लोक रडकुंडीला येऊन बोलले ते सगळे पैसे भरलेले होते. लॉक हरवले, झाडूवालीकडून तुटले, पोर्ट बदलले, विजेच्या झटक्यात गेले. ज्यांनी ते तोडून घेतले होते त्यांच्यापैकी एकाचाही मला कधी दूरध्वनी आला नाही. मोठ्यांकडेही हेच घडते. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी सर्व्हरमध्ये बिघाड झाला तेव्हा विकत घेतलेल्या अनेक विंडोज प्रती बनावट ठरल्या होत्या. उलट अडोबीने २०१३ च्या सुमारास सीएस २ या आपल्या जुन्या चित्र-मांडणी सॉफ्टवेअरसंचाचा पडताळणी सर्व्हर बंद केला, तेव्हा जुन्या ग्राहकांना पडताळणी न लागणारी प्रत दिली. आपल्या कंपनीने निदान एवढे तरी करावे, अशी मागणी आपण करायला हवी.

मी शेवटी लॉक काढले आणि वार्षिक सेवाकरारावर भर दिला. कमाई फार वाढली नाही, घटलीही नाही. मात्र मार्च महिन्यात रात्री झोप लागू लागली.

आपण यापुढे काहीही विकत घ्याल तेव्हा विक्रेत्याकडून लेखी घ्या की लॉक बिघडल्यास किती दिवसांत आणि किती रुपयांत बदलून मिळेल, संगणक बदलला तर परवाना हलवता येईल का, नेट नसताना किती दिवस काम चालेल, आणि कंपनी किंवा आवृत्ती बंद झाली तर कायमची चालणारी प्रत मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर त्या सॉफ्टवेअरमध्ये इतर कशातही न उघडणारी फाइल तयार करू नका.

अक्षरजुळारी

सर्वांचे मनापासून आभार. लॉकवर सेंटिनेलचे नाव निघाले. नव्या ड्रायव्हरने लॉकचा दिवा लागला, पण सॉफ्टवेअरच विंडोज ११ वर अर्ध्यावर बंद पडत होते. शेवटी मिरजेच्या एका मित्राच्या माळ्यावरून ३२ बिट विंडोज ७ चा संगणक आणला आणि काल रात्री ओव्यांचे पुस्तक उघडले. १६८ पानांची पीडीएफ निघाली आणि ती मी दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. दिवाळी अंकांचे काम रोज रात्री एक अंक याप्रमाणे चालू आहे.

कंपनीला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले असून त्यात बिलाची छायाप्रत, लॉकचा क्रमांक आणि पडताळणी न लागणाऱ्या प्रतीची मागणी हे तिन्ही जोडले आहे. उत्तर आले की इथेच लिहीन. स्क्रायबसमध्ये पहिली लग्नपत्रिका केली. ‘कुर्यात्’ मधला रफार नीट बसला, पण कुलदैवताच्या नावाखालची वेलबुट्टी अजून जमलेली नाही. जुन्या फाँटांत ती नक्षी कळफलकाच्या एका कळीवर होती. मुक्त परवान्याची अशी मराठी नक्षी कुणाकडे असल्यास कृपया कळवावे.