घरच्या घरी संगणकाचे छोटे कॅबिनेट: प्लायवुड, पत्रा की जुन्याचीच कापाकापी?

अर्धवट_जोडणी

माझ्याकडे 170 × 170 मि.मी.चा मिनी-आयटीएक्स (छोट्या चौरस मापाचा) मदरबोर्ड, 65 वॅटचा प्रोसेसर, एक एसएसडी आणि जुन्या संगणकातून काढलेला पूर्ण आकाराचा एटीएक्स (मोठ्या संगणकांच्या प्रमाणित मापाचा) पॉवर सप्लाय आहे. ग्राफिक्स कार्ड नाही आणि घ्यायचेही नाही. तयार छोट्या कॅबिनेटला या साऱ्या जुन्या सामानापेक्षा जास्त पैसे पडतात, म्हणून ते स्वतःच करायचे ठरवले आहे. मदरबोर्ड तळाशी आडवा आणि त्याच्या डोक्यावर पॉवर सप्लाय, अशी मांडणी योजली आहे. स्टँडऑफ (बोर्ड तळापासून उचलून धरणारे छोटे खुंटे) 6.5, बोर्ड 1.6, बोर्डापासून मोजलेला प्रोसेसरचा कूलर 60, मधली मोकळी जागा 25 आणि पॉवर सप्लाय 86 मि.मी. धरला, तर आतली उंची 180 येते. तळ 190 × 200 ठेवल्यास घनफळ सुमारे 6.8 लिटर होते.

6 मि.मी. प्लायवुड, 3 मि.मी. ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांपैकी काय घ्यावे? अवजारे म्हणाल तर हॅकसॉ, ड्रिल आणि दोन कानशी, एवढीच आहेत.

कानस

साहित्याचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून मी आधी एक विचारतो: ज्या संगणकातून हा पॉवर सप्लाय काढला, त्याचे कॅबिनेट अजून आहे का? असेल तर ते भंगारात देऊ नका.

डबा करणे अवघड नाही. पाच-सहा फळ्या काटकोनात चिकटवल्या की डबा होतो. माणूस रडकुंडीला येतो तो मागच्या बाजूला. तेथे पोर्टच्या पट्टीसाठी (यूएसबी वगैरेंच्या तोंडांभोवती बसणाऱ्या पत्र्यासाठी) 158.75 × 44.45 मि.मी.ची चौकट लागते आणि पट्टी खटकन बसण्यासाठी तिची कड पातळ पत्र्याचीच असावी लागते. शिवाय बोर्डाची चार भोके त्या चौकटीशी अचूक जुळावी लागतात. एखादा मिलिमीटर चुकला तरी यूएसबीचे तोंड पट्टीला अडते. हे सगळे काम जुन्या कॅबिनेटमध्ये कारखान्याने आधीच करून ठेवलेले आहे. मिनी-आयटीएक्सची चारही भोके एटीएक्सच्या भोकांच्या जागांवरच येतात, म्हणून मोठ्या कॅबिनेटच्या ट्रेवर (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात त्या पत्र्यावर) आपला छोटा बोर्ड तसाच बसतो. ट्रेचा तेवढा भाग आणि त्याला लागून असलेली मागची चौकट असा एल आकाराचा तुकडा, मधले रिव्हेट न तोडता, हॅकसॉने कापून काढा. पॉवर सप्लायच्या चार स्क्रूंची चौकटही त्याच पत्र्यातून मिळते. हे दोन तुकडे हाती आले की भोवतीचा डबा 6 मि.मी. प्लायवुडचा करा. ॲक्रिलिक दिसते छान, पण कडेजवळ ड्रिल घातले की हमखास तडकते, आणि ॲल्युमिनियमला सरळ घडी घालायला तुमची अवजारे अपुरी आहेत.

कापलेल्या कडा कानशीने नीट मारा. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून त्याची खूण आहे. पत्र्याचे काम चालू असताना बोर्ड त्या खोलीतही नसावा. लोखंडाचा कीस सॉकेटमध्ये गेला की सारी बचत वाया जाते.

गुण्या

वरील सल्ल्याशी सहमत आहे, मात्र प्लायवुडला करवत लावण्याआधी हाच डबा पुठ्ठ्याचा करून पाहावा. आकडेमोडीत तारा नसतात, ही यातली मोठी गोम आहे. जुन्या पॉवर सप्लायच्या तारा सुट्या होत नाहीत. वापरात नसलेल्या जोडण्यांचा जुडगाच मुठीएवढा होतो आणि 24 पिनांची जाड केबल वळायला जागा मागते. पॉवर सप्लायची लांबी 140 असेल तर 200 च्या डब्यात पुढे 60 मि.मी. उरतात, त्यातच हे सगळे मावले पाहिजे.

दुसरा मुद्दा हवेचा. पॉवर सप्लायचा पंखा खाली तोंड करून ठेवला, तर तो आणि कूलरचा पंखा मधल्या 25 मि.मी.मधली तीच हवा ओढू लागतात. त्यापेक्षा पॉवर सप्लाय उलटा करून त्याचा पंखा झाकणाकडे ठेवावा, झाकणात पंख्याएवढे पूर्ण भोक पाडून जाळी लावावी, आणि कूलरच्या उंचीवर दोन्ही बाजूंना लांबट खाचा द्याव्यात. ड्रिलने बारीक बारीक छिद्रे पाडून नक्षी करण्याचा मोह टाळावा. छिद्रांपेक्षा मधले लाकूडच जास्त उरते, हवा अडते आणि आवाज वाढतो. पुढे 80 मि.मी.चा पंखा लावायचा झाल्यास त्याच्या स्क्रूंच्या भोकांमधले अंतर 71.5 मि.मी. असते.

तिसरा_स्क्रू

लाकडी कॅबिनेट म्हटले की आगीची भीती काढली जाते. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो आणि लाकूड पेटायला त्याच्या दुपटीहून अधिक तापमान लागते, त्यामुळे मला ती भीती वाटत नाही. अर्थिंगकडे मात्र दुर्लक्ष होते. लोखंडी कॅबिनेटमध्ये ट्रे, मागची बाजू आणि पॉवर सप्लायचे कवच आपोआप एकमेकांना जोडलेले असतात. तुमच्या डब्यात ते दोन सुटे तुकडे असतील आणि मध्ये प्लायवुड असेल. 24 पिनांच्या केबलमधल्या काळ्या तारांमुळे बोर्ड चालेल, पण तरीही रंग खरवडून एक जाड तार दोन्ही तुकड्यांना स्क्रूने जोडा, म्हणजे पुढच्या यूएसबीला हात लावताना बसणारा स्थिर विजेचा झटका बोर्डाऐवजी पत्र्यातून जाईल. आणि जागा वाचवण्यासाठी पॉवर सप्लाय उघडून तारा छाटण्याचा विचार आला, तर तो सोडून द्या. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर बराच वेळ भारित राहू शकतात.

अर्धवट_जोडणी

सर्वांचे आभार. जुने कॅबिनेट माळ्यावर सापडले. पुठ्ठ्याचा डबा काल रात्री केला आणि गुण्या यांचे म्हणणे लगेच पटले: केबलचा जुडगा पुढच्या भिंतीला ढकलत होता. खोली 200 वरून 225 केली, म्हणजे घनफळ 7.7 लिटर झाले. मन थोडे खट्टू झाले, पण झाकण बसते. एल तुकडा कापून झाला आहे. आता अडचण एकच आहे: जुने पितळी स्टँडऑफ काही स्क्रू सहज घेतात आणि काही स्क्रू अर्ध्यावर अडतात. आणि चालू करण्याचे बटण कोणते घ्यावे?

कानस

जोर लावू नका. संगणकात एम3 (मेट्रिक मापाचे) आणि 6-32 (इंची मापाचे) असे दोन प्रकारचे आटे असतात आणि दिसायला ते जवळपास सारखेच असतात. बोटाने तीन-चार फेरे सहज फिरला तो स्क्रू त्या स्टँडऑफचा. उरलेले पॉवर सप्लायवर लावून पाहा, बहुधा तेथले 6-32 निघतील. बटण विकत घेऊ नका, जुन्या कॅबिनेटचे तारेसकट काढून घ्या. दाबले की जोडणारे आणि सोडले की तुटणारे कोणतेही बटण चालते, आणि त्याच्या दोन पिना कशाही लावल्या तरी हरकत नाही. उलटसुलटचा प्रश्न फक्त एलईडीच्या तारांना येतो.