डी व्हिटॅमिन कमी, बीपी जास्त: गोळ्या वाटायच्या की ड्युटी बदलायची?

तळघरवाला:
आमचं सगळं काम तळघरात, दिवसरात्र ट्यूबलाइट. मध्ये सगळ्यांची तपासणी झाली तर बऱ्याच जणांचं रक्तातलं डी व्हिटॅमिन २० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली आणि त्यातल्या कित्येकांचं बीपीपण वाढलेलं. माझं म्हणणं सरळ आहे, ज्यांना कामामुळे ऊन मिळत नाही त्यांना मालकाने डी च्या गोळ्या द्यायलाच हव्यात. हे हवेतलं नाहीये. ज्या उंदरांमध्ये डी व्हिटॅमिनचा रिसेप्टरच (पेशीत डी ज्याला चिकटून काम करतं ते प्रथिन) नव्हता त्यांचं रेनिन वाढलं आणि बीपीपण चढलं, हे २००२ मध्ये दाखवलंय, आणि रेनिन म्हणजे बीपी वाढवणाऱ्या साखळीची पहिली कडी. गोळी स्वस्त, मग अडतंय कुठे?

आकडे_बोलतात:
अडतंय माणसांवरच्या प्रयोगांपाशी. २०१५ मध्ये ४६ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, साडेचार हजारांवर माणसं, बीपीत फरक शून्य. डी कमी आणि बीपी जास्त हे एकत्र दिसतं हे खरंय, पण वजन जास्त असेल तर डी चरबीत अडकून रक्तात कमी दिसतं आणि वजनामुळेच बीपीही वाढतं, दिवसभर बसून काम करणारा बाहेर कमी जातो, हालचालही कमी. मग दोष एकट्या डी वर कसा टाकायचा?

तळघरवाला:
हे उत्तर नेहमी येतं. त्या ट्रायल्समध्ये कमतरता नसलेली माणसं पण भरलेली असतात हो! व्हायटल नावाची मोठी ट्रायल घ्या, २५ हजारांवर लोक, सुरुवातीलाच सरासरी ३० च्या आसपास. ज्याचं पोट भरलेलंय त्याला जेवायला घालून काय फरक दिसणार? आमच्यासारख्यांवर करा ना ट्रायल.

आकडे_बोलतात:
डेलाइट ट्रायल बघा, तीही २०१५ चीच. ५३४ जण, सगळ्यांचं डी २५ किंवा त्याखाली, बीपी थोडं वाढलेलं आणि त्यावर औषध चालू नाही. अर्ध्यांना रोज ४००० युनिट, अर्ध्यांना ४००, सहा महिने. बीपी २४ तास मशीन लावून मोजलं. दोन्ही गटांत फरक नाही.

तळघरवाला:
४०० वाल्यांनापण डी मिळतच होतं की, रिकामी गोळी नव्हती ती. आणि २५ वाला आणि ८ वाला एकाच मापात मोजायचा का? आमच्यात अगदी तळाला गेलेले आहेत, पायऱ्या चढताना मांड्या दुखतात, मी त्यांच्याबद्दल बोलतोय.

कोवळं_ऊन:
मला वाटतं तुम्ही दोघंही गोळीवरच अडकलाय, प्रश्न उन्हाचा आहे. उन्हातल्या यूव्हीए किरणांनी त्वचेतला नायट्रिक ऑक्साइडचा साठा रक्तात सुटतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी थोडा वेळ उतरतं, आणि यात डी व्हिटॅमिनचा काही संबंध नाही, २०१४ मध्ये हे माणसांवर करून बघितलंय. पुढे २०२० मध्ये डायलिसिसवरच्या साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या नोंदी तपासल्या, तापमानाचा परिणाम वजा केला तरी जास्त यूव्ही असेल तिथे वरचं बीपी कमी. म्हणजे डी चा आकडा हा फक्त "हा माणूस बाहेर पडत नाही" याची खूण असू शकतो, आणि खूण दुरुस्त करून आजार कसा जाईल? खिडकीजवळ टेबल दिलं की झालं असं समजणाऱ्यांसाठी सांगते, डी बनवणारे यूव्हीबी किरण काचेतून येत नाहीत.

आकडे_बोलतात:
नोंदींचा अभ्यास म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, आणि उन्हाने त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो तोही हिशोबात धरा. पण खुणेबद्दल सहमत.

रात्रपाळी:
मी रात्रीचं काम करते म्हणून लिहिते. सकाळी घरी यायचं, जाड पडदे ओढून झोपायचं, उठेपर्यंत ऊन कलंडलेलं. पण नुसतं ऊनच नाही जात हो, झोपही जाते, आणि रात्री झोपेत बीपी जे उतरायला हवं ते आम्ही जागे असल्यावर कसं उतरणार? जेवणाच्या वेळा विस्कटलेल्या, अंगात कायम थकवा. हे सगळं एका गोळीच्या नावावर गेलं की मालक गोळ्या वाटून मोकळा होतो, पाळ्यांना कोणी हात लावत नाही, याची मला खरंच चीड येते. मला दुपारी बाहेर जायला मिळणारी सुट्टी हवीय, आणि लागोपाठच्या नाइट कमी हव्यात.

तळघरवाला:
ताई, तुमचं सगळं पटतं पण पाळ्या बदलायला वर्षं जातात, तोवर हाडांचं काय? खूप कमतरतेत हाडं मऊ पडतात यावर तर वाद नाही ना? गोळी निदान उद्यापासून सुरू होते. आमच्यातल्या दोघातिघांनी तर ठरवलंय की आता डी सुरू करायचं आणि बीपीची गोळी सोडायची.

आकडे_बोलतात:
त्यांना आजच थांबवा. हाडांसाठी, डॉक्टरांनी डोस ठरवून दिलेलं डी जरूर घ्यावं, पण त्याच्या भरवशावर बीपीची गोळी सोडायची नाही, डी ते काम करत नाही. आणि चालू गोळी थायझाइड गटातली असेल, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, तर ती लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवते, त्यात मनाने डी चा मोठा डोस आणि कॅल्शियम घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळल्यासारखं होणं, किडनीला त्रास इथपर्यंत जाऊ शकतं. त्यांच्या गोळीच्या पट्टीवरचं नाव बघून इथे टाका.