'राष्ट्रपती' की 'राष्ट्राध्यक्ष'? (पोलंड, १९९०)

पानगळ:
पोलंडवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. जुलै १९८९मध्ये यारुझेल्स्कींना तिथल्या संसदेने निवडलं, तेही काठावर. पुढच्याच वर्षी लोकांनी मतदान करून लेक वालेसांना निवडलं. पद एकच. मी यारुझेल्स्कींना 'राष्ट्रपती' आणि वालेसांना 'राष्ट्राध्यक्ष' लिहिलं, कारण आपले राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जनता. संपादकांनी दोन्हीकडे 'अध्यक्ष' केलं. मला ते पटत नाही.

गोदाकाठ:
आधारच चुकला. अमेरिकेतही शेवटचं मत जनतेने निवडलेल्या निर्वाचकांचंच असतं. पद एक तर शब्द एक. फरक निवडीच्या रीतीत आहे, तो 'पहिली प्रत्यक्ष निवडणूक' असा सांगा.

भाकरतुकडा:
'प्रत्यक्ष' नको. 'प्रत्यक्ष निवडणूक झाली तेव्हा' म्हटलं की 'खरोखर झाली तेव्हा' असं वाटतं. 'थेट' म्हणा. २०१७ला सरपंच जनतेतून निवडायचा कायदा आला, २०२०ला गेला, २०२२ला परत आला. आमची आजी तेव्हापासून 'थेट सरपंच'च म्हणते.

गोदाकाठ:
'थेट' हे क्रियाविशेषण. 'थेट पुण्याला गेला' ठीक. नामामागे लावायची सवय बातम्यांची.

भाकरतुकडा:
मग 'थेट प्रक्षेपण'ला काय म्हणता? आजीने बातम्या वाचून शब्द उचललेला नाही, चावडीवर ऐकलाय.

रानजाई:
मला 'राष्ट्रपती'च आवडतो. २००७मध्ये प्रतिभाताई निवडून आल्या तेव्हा 'पती' शब्दावरून घरी दोन दिवस वाद चालला होता. सेनापती, सभापती, कुलपती यांतला पती म्हणजे स्वामी, नवरा नव्हे, हे वडिलांनी तेव्हा समजावलं.

गोदाकाठ:
लोकशाहीत राष्ट्राला स्वामी कशाला? म्हणून तर 'अध्यक्ष' बरा.

पानगळ:
पण पोलंडच्या लोकांना तो फरक किती मोठा वाटला असेल! २५ नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत वालेसांना जेमतेम ४० टक्के. पंतप्रधान माझोव्येत्स्की तिसरे, आणि परदेशातून आलेला तिमिन्स्की नावाचा उद्योजक दुसरा. ९ डिसेंबरला दुसरी फेरी, तेव्हा कुठे वालेसा ७४ टक्क्यांवर. गदान्स्कच्या गोदीतला वीजतंत्री लोकांच्या मतांवर त्या पदावर बसला. आदल्या वर्षीचाच शब्द तिथे लिहायला हात धजत नाही.

ओसरी:
आधी नाव सुधारा. पोलिश उच्चार 'लेख वावेन्सा'च्या जवळचा आहे.

भाकरतुकडा:
१९९०च्या पेपरात आम्ही 'वालेसा'च वाचलं. आता 'वावेन्सा' लिहिलं तर ओळखणार कोण?

ओसरी:
'पॅरिस'चं 'पारी' करा म्हणत नाही मी. पण 'लेख' तरी लिहा, 'ख' आपल्याकडे आहे की.

रानजाई:
'लेख वालेसा' वाचून लोक निबंध शोधतील. 'लेक'च ठेवा.